डॉक्टर अँजेलिकुस, डॉक्टर सुब्तिलिस आणि कंपनी: मध्ययुगीन बिरुदं वाचायची कशी

मध्ययुगीन युरोपच्या तत्त्वज्ञानावरचं कुठलंही पुस्तक उघडा, थोड्याच पानांत लेखक सरळ नाव घ्यायचं सोडून देतो आणि 'एंजेलिक डॉक्टर असं म्हणतात', 'सटल डॉक्टरांना हे मान्य नाही' असं लिहायला लागतो, आणि आपण बसतो विचार करत की हे कोण बुवा आणि कुठल्या दवाखान्यातले. फिलॉसॉफीला एमए करणारे, चर्चचा इतिहास वाचणारे, क्विझवाले, सगळ्यांचंच इथे अडतं. नेटवर याद्या भरपूर आहेत, डावीकडे लॅटिन बिरुद आणि उजवीकडे नाव, पण यादी पाठ करून फारसं काही हाती लागत नाही, कारण एक बिरुद दोघातिघांचं असतं, एका माणसाची चार बिरुदं असतात, आणि मुख्य म्हणजे ते बिरुद त्या माणसापेक्षा ते देणाऱ्यांबद्दलच जास्त सांगतं. म्हणून इथे यादी देत नाहीये, बिरुद समोर आलं की ते उलगडायचं कसं ते पायरी पायरीने सांगतो.

पायरी १: हा 'डॉक्टर' नक्की कुठला ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लॅटिनमध्ये डॉक्टर म्हणजे शिकवणारा, एवढं लक्षात ठेवलं की दवाखाना बाजूला पडतो, पण तरी तीन वेगळ्या गोष्टी उरतात.

एक, विद्यापीठाची पदवी. पॅरिसमध्ये थिऑलॉजीचा मास्टर व्हायला बरीच वर्षं लागायची, 1215 च्या नियमाप्रमाणे वय किमान 35 हवं. आधी बायबलवर लेक्चरं, मग पीटर लोम्बार्डच्या 'सेंटेन्सेस' या चार भागांच्या ग्रंथावर लेक्चरं, मग वादविवाद, मग चान्सलरकडून परवाना, आणि शेवटी एक समारंभ, की झाला मास्टर. मास्टर आणि डॉक्टर हे शब्द तेव्हा बरेचसे एकाच अर्थाने वापरायचे. ही खरीखुरी डिग्री, ती देणारं विद्यापीठ होतं.

दोन, चर्चची अधिकृत पदवी, 'डॉक्टर ऑफ द चर्च'. ही पोप जाहीर करतात, माणूस संत असावा लागतो आणि त्याचं लिखाण सगळ्या चर्चला उपयोगाचं मानलेलं असावं लागतं. 1298 मध्ये आठव्या बोनिफेसने अँब्रोज, ऑगस्टिन, जेरोम आणि ग्रेगरी या चौघांना हा मान दिला. मग यादी वाढत गेली आणि आजही वाढते. 1970 मध्ये आविलाची तेरेसा आणि सिएनाची कॅथरीन या पहिल्या दोन स्त्रिया आल्या, 1997 मध्ये लिझ्यूची तेरेज, 2012 मध्ये हिल्डेगार्ड.

आणि तीन, आपला आजचा विषय, म्हणजे बिरुद. डॉक्टर आणि पुढे एक विशेषण. हे द्यायला कुठली कमिटी नव्हती, सर्टिफिकेट नव्हतं, तारीख नव्हती. शिष्यांनी, ऑर्डरमधल्या (म्हणजे एका नियमाने राहणाऱ्या संन्याशांच्या संघातल्या) भावंडांनी, नाहीतर शेदोनशे वर्षांनी पुस्तक छापणाऱ्याने वापरायला सुरुवात केली आणि ते चिकटलं. आपल्याकडे लोकमान्य म्हटलं की टिळक, तसंच.

एकाच माणसाकडे तिन्ही असू शकतात. थॉमस अक्वायनस पॅरिसचा मास्टर होता, 1567 पासून चर्चचा डॉक्टर आहे, आणि बिरुद डॉक्टर अँजेलिकुस. पण डन्स स्कोटसचं बघा, मास्टर होता, डॉक्टर सुब्तिलिस म्हणून सगळीकडे ओळखला जातो, पण चर्चचा अधिकृत डॉक्टर नाही, संतही नाही, 1993 मध्ये दुसऱ्या जॉन पॉलने त्याला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तिथेच आहे अजून. रॉजर बेकन आणि ऑकमचा विल्यम तर त्या रांगेत उभेसुद्धा नाहीत. तेव्हा 'डॉक्टर अमुक' वाचून लगेच 'चर्चने गौरवलेला' असं लिहून मोकळं होऊ नका.

पायरी २: विशेषण वाचा, पण त्यावर फार वेळ घालवू नका

अर्थ साधारण सरळ असतात. अँजेलिकुस देवदूतासारखा, सेराफिकुस सेराफ या देवदूतांसारखा, सुब्तिलिस बारीक भेद करणारा, मिराबिलिस अद्भुत, युनिव्हर्सालिस सगळ्या विषयांतला, इर्रेफ्रागाबिलिस ज्याला खोडून काढता येत नाही असा, इनविन्सिबिलिस अजिंक्य, सोलेम्निस भारदस्त, प्रोफुन्दुस खोल, मेल्लिफ्लुउस ज्याच्या तोंडून मध गळतो असा. शेवटी 'इस्सिमुस' आलं की 'सर्वात' किंवा 'अत्यंत', म्हणजे फुन्दातिस्सिमुस अत्यंत भक्कम पायावरचा, रेझोलुतिस्सिमुस अत्यंत ठाम, क्रिस्तियानिस्सिमुस अत्यंत ख्रिस्ती.

जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र हे शब्द असे दिसत नाहीत, तिथे षष्ठी असते. 'डॉक्टोरिस सेराफिकी' म्हणजे सेराफिक डॉक्टरांचे, पुढे 'ओपेरा ओम्निया' म्हणजे समग्र ग्रंथ. डॉक्टरचं डॉक्टोरिस झालं तरी माणूस तोच, घाबरायचं काम नाही.

पायरी ३: ऑर्डर शोधा (हीच खरी किल्ली)

बाकी काही नाही केलंत तरी चालेल, पण हे कराच. तेराव्या चौदाव्या शतकातले हे बहुतेक विद्वान कुठल्या ना कुठल्या संन्यासी ऑर्डरचे होते, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन, आणि या ऑर्डरींची आपापसात जबरदस्त चुरस. पॅरिस विद्यापीठात आपल्या ऑर्डरच्या किती खुर्च्या (म्हणजे प्राध्यापकाच्या जागा), कोणाचा मास्टर मोठा, कोणाचं पुस्तक शिकवायचं, यावर भांडणं. बिरुदं याच वातावरणात वाढली.

फ्रान्सिस्कनांपासून सुरू करू. हेल्सचा अलेक्झांडर पॅरिसमध्ये आधीच नावाजलेला मास्टर होता, तो 1236 च्या सुमाराला फ्रान्सिस्कन झाला आणि त्याच्याबरोबर विद्यापीठातली त्याची खुर्चीही ऑर्डरला मिळाली. आता अशा माणसाला ऑर्डरने इर्रेफ्रागाबिलिस म्हणावं यात नवल काय. त्याच्या नावावरची 'सुम्मा' (धर्मशास्त्राचा सगळा विषय एकत्र मांडणारा ग्रंथ) खरं तर अनेकांनी मिळून तयार केलेली, आणि यावर सगळ्यात खवचट शेरा मारलाय तो त्याच ऑर्डरच्या रॉजर बेकनने (बिरुद डॉक्टर मिराबिलिस), की हा ग्रंथ घोड्यापेक्षा जड आहे आणि त्याने स्वतः लिहिलेलाही नाही. म्हणजे मिराबिलिस डॉक्टर इर्रेफ्रागाबिलिस डॉक्टरांना खोडतायत! बिरुदं किती सिरियसली घ्यायची ते यावरून ठरवा.

मग बोनाव्हेंचर, 1257 पासून ऑर्डरचा प्रमुख, 1274 मध्ये लिऑनच्या धर्मपरिषदेच्या काळातच वारला. त्याचं सेराफिकुस हे विशेषण थेट ऑर्डरच्या मुळाशी जातं. 1224 मध्ये ला व्हेर्ना डोंगरावर संत फ्रान्सिसला सहा पंखांच्या सेराफचं दर्शन झालं आणि अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटल्या अशी परंपरा आहे, त्यामुळे सगळी फ्रान्सिस्कन ऑर्डरच स्वतःला सेराफिक म्हणवते. म्हणजे सेराफिकुस वाचलं की 'हा आमचा' असं फ्रान्सिस्कन सांगतायत हे ऐकू यायला हवं.

समोर डॉमिनिकन. त्यांचा थॉमस अक्वायनस, तोही 1274 मध्येच गेला, मार्चमध्ये, लिऑनच्या त्याच परिषदेला जायला निघालेला असताना. आज तो एवढा मोठा वाटतो की तेव्हाही सगळे त्याला मानतच असतील असं आपण धरून चालतो. तसं अजिबात नव्हतं. 1277 मध्ये पॅरिसचा बिशप एतिएन ताँपिए याने 219 विधानांवर बंदी घातली, त्यातली काही थॉमसच्या मतांना लागू होत होती. पाठोपाठ विल्यम दे ला मारे या फ्रान्सिस्कनाने थॉमसच्या चुका दाखवणारं 'कोर्रेक्टोरियुम' लिहिलं, आणि 1282 मध्ये फ्रान्सिस्कनांनी ठरवलं की थॉमसची सुम्मा वाचायचीच असेल तर फक्त हुशार शिक्षकांनी, आणि तीही या शुद्धिपत्रासकट. डॉमिनिकन गप्प बसतात होय, त्यांनी त्या कोर्रेक्टोरियुमला 'कोर्रुप्टोरियुम' म्हणजे बिघाडपत्र असं नाव ठेवून उत्तरं लिहिली. 1286 मध्ये डॉमिनिकनांनी आपल्या लोकांना थॉमसच्या शिकवणीचा पुरस्कार करायला सांगितलं, 1309 मध्ये ती शिकवणं सक्तीचं केलं, 1323 मध्ये तो संत झाला, आणि 1325 मध्ये पॅरिसच्या बिशपने जुनी बंदी थॉमसपुरती मागे घेतली. हे सगळं डोक्यात ठेवून डॉक्टर कोम्मुनिस हे त्याचं दुसरं बिरुद वाचा, 'सगळ्यांचा शिक्षक'. सगळ्यांचा म्हणजे कोणाचा, तर आधी डॉमिनिकनांचा, बाकीच्यांचा नंतर हळूहळू.

अधिकृत पदवीतही हीच चुरस दिसते. 1567 मध्ये थॉमसला चर्चचा डॉक्टर करणारा पाचवा पायस स्वतः डॉमिनिकन. 1588 मध्ये बोनाव्हेंचरला डॉक्टर करणारा पाचवा सिक्स्टस स्वतः फ्रान्सिस्कन. आणि गंमत म्हणजे देवदूतांच्या पारंपरिक नऊ श्रेणींमध्ये सेराफ सगळ्यात वर आणि साधे 'एंजल' सगळ्यात खाली, म्हणजे हिशोबाने बोनाव्हेंचर थॉमसच्या आठ पायऱ्या वर! दांतेने मात्र 'पॅराडाइज'मध्ये भांडण छान मिटवलंय, तिथे अकराव्या सर्गात डॉमिनिकन थॉमस संत फ्रान्सिसची स्तुती करतो आणि बाराव्यात फ्रान्सिस्कन बोनाव्हेंचर संत डॉमिनिकची.

तिसरे ऑगस्टिनियन. त्यांचा माणूस रोमचा जाइल्स, डॉक्टर फुन्दातिस्सिमुस. 1287 मध्ये या ऑर्डरने ठराव केला की जाइल्सची मतं सगळ्यांनी मानायची, त्याने लिहिलेली आणि पुढे जी लिहील तीसुद्धा. माणूस जिवंत, पुस्तकं अजून लिहून व्हायचीत, आणि ती आधीच मान्य! भक्कम पाया म्हणतात तो हा.

या ऑर्डरी आपल्याला अगदीच परक्या नाहीत. वसईच्या किल्ल्यात फिरताना फ्रान्सिस्कनांचं चर्च, डॉमिनिकनांचं, ऑगस्टिनियनांचं, जेझुइटांचं असे वेगवेगळे पडके अवशेष दिसतात, एकाच छोट्या शहरात एवढी चर्चं कशाला असं वाटतं त्याचं मोठं कारण हेच, प्रत्येक ऑर्डरचं घर वेगळं. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा उभा राहिलेला मनोरा ऑगस्टिनियनांचा, तर फ्रान्सिस्कनांचं तिथलं कॉलेज सेंट बोनाव्हेंचरच्या नावाचं. आपल्या ऑर्डरचा डॉक्टर आपल्या दारावर, हा नियम मांडवीच्या काठापर्यंत पोचला होता.

आणि काही जण कुठल्याच ऑर्डरचे नव्हते. गेंटचा हेन्री, डॉक्टर सोलेम्निस, 1293 मध्ये वारला, तो साधा 'सेक्युलर' मास्टर, म्हणजे धर्मगुरू पण कुठल्या ऑर्डरमध्ये नाही. अशांच्या मागे बिरुद जपणारी संस्था नसते, त्यामुळे विद्वत्ता तोडीस तोड असूनही आज त्यांची नावं कमी ऐकू येतात.

पायरी ४: बिरुद कधीचं ते तपासा

ज्या काळातला माणूस त्या काळातलंच बिरुद असं धरू नका. थॉमसच्या बाबतीत कोम्मुनिस आधीचं, अँजेलिकुस रूढ झालं ते पंधराव्या शतकाच्या आसपास. त्याचं कारण विचारलं तर कोणी सांगतं की सुम्मामध्ये देवदूतांवर मोठा विभाग आहे म्हणून, कोणी त्याच्या चरित्रातली गोष्ट सांगतं, की घरच्यांनी त्याला कोंडून ठेवलं, मोह पाडायला एक बाई आत पाठवली, त्याने जळतं लाकूड घेऊन तिला हाकललं आणि मग रात्री दोन देवदूतांनी त्याच्या कमरेला पट्टा बांधला. दोन्ही कारणं सांगा, पण 'अशी परंपरा आहे' असं म्हणून सांगा.

त्या काळचे मूळ ग्रंथ वाचताना आणखी एक, तिथे समकालीन विरोधकाचं नाव किंवा बिरुद बहुधा नसतंच, 'क्विदाम' म्हणजे 'काही जण' म्हणून मोकळे होतात. उलट जुन्या अधिकारी मंडळींना एकेरी टोपणनावं असतात. थॉमसच्या सुम्मामध्ये 'फिलॉसॉफर' म्हटलं की अॅरिस्टॉटल, 'कॉमेंटेटर' म्हणजे इब्न रुश्द, 'अपोस्टल' म्हणजे संत पॉल, 'मास्टर' म्हणजे पीटर लोम्बार्ड, आणि 'रब्बी मोझेस' म्हणजे मायमोनिडीस. एक मुसलमान, एक ज्यू, एक ख्रिस्तपूर्व ग्रीक. ही पाच नावं मात्र पाठच करा, रोज लागतात.

पायरी ५: दुसरा दावेदार आहे का बघा

युनिव्हर्सालिस म्हटलं की बहुतेक वेळा आल्बर्ट, थॉमसचा गुरू, 1280 मध्ये कोलोनला वारलेला, प्राण्यांपासून खनिजांपर्यंत सगळ्यावर लिहिणारा. पण हेच बिरुद लीलच्या अॅलनचंही आहे आणि तो 1200 च्या जरा नंतर गेला, म्हणजे आल्बर्ट तेव्हा लहान पोर. संदर्भ बाराव्या शतकाचा असेल तर अॅलन, तेराव्याचा असेल तर आल्बर्ट.

सगळ्यात भारी जोडी इव्हँजेलिकुसची. पादुआचा अँथनी, गोव्यात आणि वसईत ज्याचं नाव घराघरात आहे तो सांत आंतोन, मूळचा लिस्बनचा, 1946 मध्ये चर्चचा डॉक्टर झाला तो याच विशेषणासह. आणि हेच बिरुद इंग्लंडच्या जॉन विक्लिफलाही त्याच्या अनुयायांनी दिलेलं, ज्याला 1415 मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने पाखंडी ठरवलं आणि 1428 मध्ये ज्याची हाडं उकरून जाळली. एकच बिरुद, एक आल्तारावर, एक आगीत. इथे चूक केलीत तर फारच महागात पडेल.

अनुयायी आणि विरोधक दोघंही शोधायचे, हे रेमंड लुलच्या बाबतीतही खरं. मायोर्काचा हा माणूस, ना संन्यासी ना विद्यापीठातून घडलेला, रांदा डोंगरावर आपल्याला ज्ञान मिळालं असं सांगायचा, म्हणून डॉक्टर इल्लुमिनातुस. पण चौदाव्या शतकातच एमेरिक नावाचा इन्क्विझिटर (पाखंडाची चौकशी करणारा चर्चचा अधिकारी) त्याच्या पुस्तकांवर बंदी आणायला धडपडत होता. त्याला विचारलं असतं तर त्याने वेगळंच विशेषण सुचवलं असतं.

पायरी ६: हे दोन खड्डे टाळा

पहिला खड्डा ऑकमचा. त्याला व्हेनेराबिलिस इन्सेप्टोर म्हणतात, आणि इन्सेप्टोर म्हणजे 'सुरुवात करणारा', म्हणून बरेच जण ठोकून देतात की नॉमिनलिझमची (सामान्य कल्पना ही नुसती नावं असतात या मताची) सुरुवात करणारा. नाही. इन्सेप्टोर ही विद्यापीठातली पायरी होती, मास्टर व्हायला लागणारं सगळं केलेलं पण मास्टरची खुर्ची न मिळालेला माणूस. ऑकमला 1324 मध्ये चौकशीसाठी आविन्यॉनला बोलावलं, 1328 मध्ये तो तिथून पळाला, सम्राट लुडविगच्या आश्रयाला गेला आणि 1347 मध्ये म्युनिकला वारला, खुर्ची राहिलीच. आजच्या भाषेत पीएचडी थिसिस तयार, व्हायवा बाकी, आणि तरी जगप्रसिद्ध. इनविन्सिबिलिस हे दुसरं बिरुद चाहत्यांचं.

दुसरा खड्डा म्हणजे बिरुदालाच निकाल समजणं. सुब्तिलिस ही स्तुती होती, स्कोटस खरंच इतके बारीक भेद करतो की वाचताना पेन्सिल हातात लागते. पण सोळाव्या शतकात ह्युमनिस्टांना (जुन्या ग्रीक-लॅटिन साहित्याच्या अभ्यासकांना) आणि प्रोटेस्टंटांना तेच शब्दांचा कीस काढणं असह्य झालं आणि डन्सच्या अनुयायांवरून इंग्रजीत 'डन्स' हा शब्द मठ्ठ माणसासाठी रूढ झाला. तीच बुद्धी, तीच पुस्तकं. रेझोलुतिस्सिमुस म्हणजे सँ-पूर्सँचा दुराँ, तो डॉमिनिकन असून थॉमसशी सहमत नव्हता आणि ऑर्डरच्याच कमिट्यांनी त्याची विधानं दोनदा तपासून चुकीची ठरवली. ठाम होता हे मात्र कोणी नाकारलं नाही.

पायरी ७: एक मुखपृष्ठ उलगडून बघू

समजा स्कॅन केलेलं जुनं पुस्तक उघडलं आणि लिहिलंय: 'आर. पी. एफ. योआन्निस डन्स स्कोटी, डॉक्टोरिस सुब्तिलिस, ऑर्डिनिस मिनोरुम, ओपेरा ओम्निया'. आर. पी. एफ. म्हणजे रेव्हरेंड फादर ब्रदर. मग नाव. मग बिरुद षष्ठीत. ऑर्डिनिस मिनोरुम म्हणजे फ्रायर्स मायनर, म्हणजे फ्रान्सिस्कन. इथे 'प्रेडिकातोरुम' असतं तर डॉमिनिकन. खाली लिऑन आणि 1639. स्कोटस वारला 1308 मध्ये, पुस्तक 331 वर्षांनंतरचं, ते काढलं लूक वॉडिंग या आयरिश फ्रान्सिस्कनाने, म्हणजे बिरुद मुखपृष्ठावर कोणी टाकलं तेही कळलं. एवढं सगळं आतलं एकही पान न वाचता. आणि बोनाव्हेंचरच्या एकोणिसाव्या शतकातल्या आवृत्तीवर 'अद क्लारास आक्वास' दिसलं तर ते पुस्तकाचं नाव नाही, फ्लॉरेन्सजवळच्या क्वाराक्की गावाचं लॅटिन नाव आहे, तिथे फ्रान्सिस्कनांनी ती आवृत्ती छापली.

पायरी ८: मराठीत लिहिताना

पहिल्यांदा पूर्ण नाव, मृत्यूचं साल आणि ऑर्डर लिहा, मग बिरुद मूळ लॅटिन उच्चाराने, अर्थ एकदाच, आणि त्यानंतर लेखभर नावच वापरा. 'देवदूतीय वैद्य' वगैरे भाषांतरं मशीन करतं, त्यांना हात लावू नका. 'आचार्य' चालेल, पण मग सगळ्यांनाच आचार्य म्हणा, एकाला आचार्य आणि दुसऱ्याला डॉक्टर असं केलं की वाचणाऱ्याला दर्जा वेगळा वाटतो. उच्चारात अँजेलिकुस की अँगेलिकुस यावर वाद घालणारे भेटतील, पहिला चर्चमधला, दुसरा अभिजात लॅटिनचा, एक घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये मात्र बिरुदाने सर्च करू नका, नाव आणि गाव टाका, कारण 'युनिव्हर्सालिस' टाकलं की आल्बर्टच्या आधी शंभर ज्ञानकोश समोर येतात.